आमची वाटचाल : हौशी लोकांच्या रायफली आणि त्यांचा हिशोब

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. सुटे भाग आणून रायफल बनवून घेतली तर दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडेल ना? पडत नाही. हे आम्ही ऑर्डर घेण्याआधीच सांगतो आणि कागदावर आकडे मांडून दाखवतो. तो कागद बघूनही जो थांबतो, त्याचं काम आम्ही जीव लावून करतो.

आमची कार्यशाळा अमेरिकेत, ओहायो राज्यात आहे. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लेथवर (धातू फिरवून कातायच्या यंत्रावर) हात बसला. पुढे इकडे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या टूलरूममध्ये नोकरी लागली. तिथले सहकारी शनिवार-रविवारी रेंजवर जायचे आणि सोमवारी शंभर यार्डांवरचे कागद आणून दाखवायचे. पाच गोळ्यांची पाच भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. मला नेमबाजीचं नव्हे, त्या भोकांमागच्या मशीनकामाचं वेड लागलं. बॅरलचं, म्हणजे रायफलीच्या नळीचं, भोक लेथच्या अक्षाशी किती जुळलंय, यावर ते सगळं अवलंबून असतं हे कळलं, आणि ती भाषा मला येत होती.

पण एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधारावर धंदा उभा करावा असं आम्हाला वाटलं नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी फक्त वाचत राहिलो, आणि लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरीला १९०७ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धा प्रेक्षक म्हणून बघत राहिलो. आजही मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा तरुण इंजिनीअर विचारतो, "काका, माझ्यासाठी एक कराल का?" त्याला मी आधी त्याचा व्हिसा विचारतो.

परवान्याची फी ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. दुसऱ्याच्या बंदुकीची दुरुस्ती करायला एक प्रकारचा परवाना लागतो, बनवून विकायला दुसरा. बनवण्याच्या परवान्याची फी तीन वर्षांना १५० डॉलर. खरा खर्च त्यानंतरचा. जागेच्या वापराची स्थानिक परवानगी, मजबूत तिजोरी, अलार्म, जबाबदारीचा विमा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीची क्रमांकासह नोंद. ही नोंदवही माझी पत्नी सांभाळते. बँकेत काम केलेल्या माणसाची शिस्त तिच्यात आहे. दिवसाअखेरीस वही आणि तिजोरी जुळल्याशिवाय आम्ही दिवे बंद करत नाही. रायफल विकताना गिऱ्हाइकाने फॉर्म भरायचा आणि त्याची पार्श्वभूमी तपासणी व्हायची, हे आलंच.

कराचाही भाग आहे. रायफल बनवणाऱ्याला विक्रीवर ११ टक्के अबकारी कर असतो. १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा वन्यजीव संवर्धनाकडे जातो, आणि हे मला मनापासून योग्य वाटतं. वर्षाला ५० पेक्षा कमी बंदुका बनवणाऱ्याला त्यातून सूट आहे. आम्ही त्या आकड्याच्या खालीच राहायचं ठरवलं. कर वाचतो म्हणून नव्हे. त्यापेक्षा जास्त घेतल्या तर प्रत्येक बॅरलला माझा हात लागणार नाही, म्हणून.

आता तो कागद. कारखान्यात बनलेली चांगली बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल ६०० ते १,००० डॉलरला मिळते, आणि आजकालच्या अशा रायफली शंभर यार्डांवर गोळ्या एकमेकींपासून इंचाच्या आसपास टाकतात. शिकारीला एवढं पुरे. तीच हौसेने बनवायची तर नुसती अ‍ॅक्शन (बोल्ट आणि तो सरकतो तो सांगाडा) हजाराच्या पुढे. बॅरलचा कच्चा दांडा साधारण ३५० ते ४५०. त्याला आटे पाडून, चेंबर (काडतूस बसायची पोकळी) कापून, अ‍ॅक्शनवर बसवायची मजुरी जवळपास तेवढीच. चांगला ट्रिगर दोनशेच्या आसपास, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, सातशेपासून पुढे कितीही. दुर्बीण अजून घेतलेलीच नाही, आणि ती बाकी सगळ्या रायफलीइतकी महाग निघू शकते. पुढे कधी विकायला काढली तर सुट्या भागांइतकेही पैसे येतील याची खात्री नाही. एकाच्या मापाला बेतलेला दस्ता आणि एकाच्या आवडीचं काडतूस दुसऱ्याला कशाला हवं असेल?

याहून मोठा आकडा लोक मांडतच नाहीत. बॅरल झिजते. ६.५ क्रीडमोरसारख्या काडतुसाची बॅरल दोन-अडीच हजार गोळ्यांनंतर पूर्वीसारखी अचूक राहत नाही. चेंबरच्या पुढचा घसा जळत जातो. स्पर्धेच्या दर्जाचं एक काडतूस दीड ते दोन डॉलर धरा. म्हणजे पहिली बॅरल संपेपर्यंत माणसाने रायफलीएवढे किंवा त्याहून जास्त पैसे नुसत्या काडतुसांवर घालवलेले असतात. म्हणून नव्या हौशी माणसाला आम्ही सांगतो, आधी .२२ ची, म्हणजे इंचाच्या बावीस शतांश जाडीच्या छोट्या गोळीची, घे. तिची गोळी स्वस्त, बॅरल वर्षानुवर्षं टिकते आणि पन्नास मीटरवर वारा कसा वाचायचा ते ती नीट शिकवते. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते पन्नास मीटरवर, .२२ च्याच रायफलीने. त्या दिवशी आमचं लेथ बंद होतं आणि अमेरिकन गिऱ्हाइकांना मी नकाशावर कोल्हापूर दाखवत होतो.

मग एवढे पैसे घालून लोकांना मिळतं काय? कामाच्या अंगाने सांगतो. बॅरल लेथच्या हेडस्टॉकमधून आरपार घालून आम्ही तिचं भोक डायलवर फिरवून बघतो, आणि काटा एका थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढ्यावर येईपर्यंत स्क्रू हलवत राहतो. हे काम कधी वीस मिनिटांत होतं, कधी अर्धी सकाळ घेतं. चेंबर कापायचा रीमर प्रत्येक काडतुसाला वेगळा, त्याची गेजही (चेंबरचं माप तपासायची ठोकळी) वेगळी. महागाची ती पेटी भरायला आम्हाला वर्षं लागली. गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे आणि नो-गोवर मिटता कामा नये. या दोहोंमधली फट डोळ्यांना दिसणारी नाही. कारखान्यालाही हे सगळं येतं, पण एका बॅरलला अर्धी सकाळ देणं त्याला परवडत नाही. गिऱ्हाईक आम्हाला पैसे देतं ते त्या अर्ध्या सकाळीचे. आणि एकदा हे काम शेजारी उभं राहून पाहिलेला माणूस पुढे निशाणा चुकला की रायफलीला दोष देत नाही. स्वतःचा श्वास, गाल टेकवण्याची जागा, ट्रिगरवरचं बोट तपासू लागतो. अशा माणसांची नेमबाजी सुधारताना मी पाहिली आहे.

ओहायोत हरणाच्या शिकारीला फार काळ शॉटगन वापरत. २०१४ च्या हंगामापासून सरळ भिंतीच्या (तोंडाकडे मान काढून निमुळत्या न केलेल्या) काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, आणि .४५० बुशमास्टर किंवा १८७३ सालचं .४५-७० अशा काडतुसांच्या रायफली मागणारे शेतकरी आमच्याकडे येऊ लागले. त्यातले एकजण आपल्या शेतातल्या काळ्या अक्रोडाची फळी घेऊन आले. झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं, वादळात पडलेलं. फळी कित्येक वर्षं खळ्याच्या माळ्यावर सुकत होती. त्यातून दस्ता कोरला, इंचाला बावीस रेघांचं चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा) हाताने काढलं आणि तेलाचे हात दिले. लावलेल्या तासांची पूर्ण मजुरी अशा कामात कधीच निघत नाही. तरी वर्षातून एक-दोन अशी कामं आम्ही घेतो. ती सोडली तर हा धंदा का करायचा, हे मला सांगता येणार नाही.

एका गोष्टीत आम्ही तडजोड करत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. हे हत्यार आहे, आणि ते बनवणाऱ्याने तिकडे पाठ फिरवू नये असं आम्हा दोघांना वाटतं. म्हणून घरी तिजोरी आहे का, मुलं किती वयाची आहेत, हे आम्ही विचारतो. कोणाला राग येतो, तो दुसरीकडे जातो. घटस्फोट, नोकरी जाणं, मोठं आजारपण असा काळ एखाद्या ओळखीच्या गिऱ्हाइकावर आला, तर त्याची रायफल रीतसर नोंद करून आमच्या तिजोरीत ठेवून घ्यायची तयारी असते. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

भारतातूनही विचारणा येते. तिकडे आम्ही काही पाठवत नाही. इथला निर्यात परवाना आणि तिथले शस्त्रनियम दोन्ही सांभाळणं आमच्या आवाक्यातलं नाही. मात्र कोल्हापूरकडची नेमबाज मुलं दस्त्याचं माप, गालपट्टीची उंची, बटप्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा) कोन याबद्दल व्हिडिओ कॉलवर विचारतात, तेव्हा मी हातातलं काम ठेवून बोलतो.

सध्या नव्या रायफलीला सात-आठ महिन्यांची प्रतीक्षा आहे. जुन्या गिऱ्हाइकाची बॅरल बदलायची असेल तर ते काम आधी घेतो, कारण स्पर्धेचा हंगाम त्याच्यासाठी थांबत नाही. हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च, शनिवारी दुपारी दस्त्याला तेल देणं आणि चेकरिंग करणं शिकवतो. येताना स्वतःचा दस्ता आणावा, रायफल घरी तिजोरीतच ठेवावी. चहा आमच्याकडे असतो.