टरफलाचे पैसे कुणाचे?

"तिकडं तू कोको करतेस म्हणजे नेमकं काय करतेस गं?" काकूनं विचारलं. मी पंधरा दिवसांसाठी गावी आले होते, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. ती काजूच्या कारखान्यातून नुकतीच परतली होती. टरफलातल्या तेलानं बोटांची टोकं काळी पडलेली, चुलीतली राख चोळून हात धुणं चाललेलं.

मी राहते इक्वाडोरमध्ये, नापो प्रांतातल्या तेनात. पाऊस आपल्या कणकुंबीची आठवण करून देणारा, फक्त तो बाराही महिने. तिथल्या किच्वा या आदिवासी समाजातल्या बायकांच्या कोकोचा हिशेब लिहायला मदत करते. त्या शेताला 'चक्रा' म्हणतात. आपल्या चक्राशी त्याचा संबंध नाही, तरी मराठी पेपरात 'चक्रीय अर्थव्यवस्था' (टाकाऊ माल पुन्हा वापरात आणायची रीत) वाचलं की मला एकटीलाच हसू येतं. चक्रात कोकोच्या आजूबाजूला केळी, शाबूकंद, औषधी झाडं आणि ग्वायुसा, ज्याचा काढा तिथं पहाट व्हायच्या आधी पितात. कुठं काय लावायचं ते बाई ठरवते. 2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं या पद्धतीला जागतिक कृषी वारशात जागा दिली.

काकूला वारशाचं काही नव्हतं. तिला वजन हवं होतं. तेव्हा सांगितलं: दहा किलो फळं फोडली तर सुकं बी निघतं जेमतेम किलोभर. सात किलोच्या आसपास नुसती जाड साल.

"म्हणजे आमच्या कोकमाच्या उलटंच की! आम्ही साल वाळवून विकतो."

ती साल झाडाखाली तशीच टाकली तर त्यातली बुरशी नव्या फळांवर चढते. मोनिलिया नावाची बुरशी तर फळाला पांढरी पावडर फासल्यासारखी दिसते. म्हणून साल बाजूला ओढायची, झाकायची, उलथायची, मग कुठं खत. सालीत पोटॅश भरपूर. पश्चिम आफ्रिकेत बायका तिच्या राखेपासून काळा साबण करतात. बियांभोवतीचा पांढरा गर गोड-आंबट, त्याचा रस निघतो. उरलेल्या गरासकट बिया लाकडी पेटीत केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या. चॉकलेटची चव तिथं सुरू होते.

हे सगळं ऐकायला छान आहे. खरं, साल ओढणारी, खत उलथणारी, पेटी राखणारी बाईच. तिच्या या कामाची मजुरी माझ्या वहीत धरलेली नसते, आणि मला हेच खुपतं. फायदा कुणाला होतो ते माल कुठल्या टप्प्यावर हातातून सुटतो यावर ठरतं. गरासकट ओल्या बियांना तिथं 'बाबा' म्हणतात (बाबा म्हणजे लाळ, आपले वडील नव्हेत). घाईत पैसे हवे असले की बाबा व्यापाऱ्याला जातो. आंबवणं, वाळवणं आणि त्यातला नफाही त्याच्याच दारात. गटानं स्वतः आंबवून, वाळवून विकलं तर गोष्ट वेगळी. 2024 च्या डिसेंबरात जगाच्या बाजारात कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा 'थोडं थांबून विकूया' म्हणणारी एक आजी सगळ्यांना आठवली.

काकूचे हात तोवर धुऊन झाले होते. "आम्हाला सोललेल्या गराचे किलोवर पैसे मिळतात," ती म्हणाली. "टरफलं पोत्यात भरून मालक वेगळी विकतो. तेल काढायला नेतात म्हणे."

नेतातच. रंगात, गाडीच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ते तेल वापरतात. तेच तेल, ज्यानं तिची बोटं जळतात.

मी काही बोलायच्या आधी तिनं विचारलं, "पोत्याला किती देत असतील?"

मला माहीत नव्हतं.

"शनिवारी पगाराला विचारतो मीच," काकू म्हणाली. आमच्या भागातल्या बायका 'विचारतो'च म्हणतात. मीही तेनात स्पॅनिशचं लिंग चुकवते, ते तिथूनच आलं असावं.

शनिवारी माझं परतीचं विमान होतं. रविवारी रात्री फोन लावला, तर काकूऐवजी पलीकडं चार-पाच बायकांचा एकदम आवाज. त्यांतली एक ओरडून आकडा सांगत होती आणि दुसरी म्हणत होती, पोतं मोठं की बारकं ते आधी विचार.