सेंटॉरची केबिन: डावी भिंत बसली, आता सागाच्या पट्ट्या

मंडळी, मुख्य बल्कहेडची, म्हणजे केबिनमधल्या आडव्या भिंतीची, डावी बाजू अखेर जागेवर बसली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: बोट वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, फायबरग्लासची, दोन कीलची (कील म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं पातं). लॉरेंट जाइल्स यांच्या डिझाइन कार्यालयाने आखलेली ही बोट १९६९ ते १९८० या काळात बनत होती. माझी सत्तरच्या दशकातली आहे आणि सध्या इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एका यार्डात ताडपत्रीखाली उभी आहे.

फायबरच्या बोटीत लाकूड निव्वळ शोभेचं असतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सेंटॉरची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा दाब खाली याच भिंतीकडे येतो. खिडकीखालचा कोपरा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मऊ लागला, तेव्हा वॉर्निशचा बेत बाजूला ठेवून भिंतीलाच हात घातला.

ही कुज गोड्या पाण्याची. खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही. पावसाचं पाणी मात्र प्लायच्या उघड्या कडेतून शिरतं आणि आतच मुरतं. म्हणून आधी खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी काढून नवं सीलंट भरलं, बाहेरून पाइपने पाणी मारून आत टिपूसही येत नाही हे पाहिलं, मगच करवत हातात घेतली. हा क्रम कुणीही बदलू नये.

खरी मजा फर्मा काढण्यात आली. हलची, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाची, आतली बाजू कुठेच सरळ नाही, गुण्याचा काही उपयोग नाही. पातळ प्लायच्या पट्ट्या हलला टेकवत ग्लू गनने एकमेकींना चिकटवल्या, तो सांगाडा अलगद बाहेर काढला आणि त्यावरून १२ मिमीचा बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा मरीन प्लाय कापला. भिंत हलला थेट भिडवली नाही, मध्ये फोमची पट्टी ठेवली. भिडवली की सगळा ताण एका रेषेवर येतो आणि कालांतराने हलवर बाहेरून उंचवटा दिसू लागतो. कडांना पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पाजलं, लाकूड पिईल तितकं. मग सिलिकाची पूड कालवून घट्ट केलेल्या इपॉक्सीने कोपऱ्यांना गोलाई दिली आणि वर काचेच्या कापडाच्या पट्ट्या चढवल्या. इथल्या थंडीत छोटा हीटर लावावाच लागतो. इपॉक्सी सुकल्यावर कधीकधी वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने पुसूनच पॉलिश पेपर लावा, नाहीतर पुढचा थर धरत नाही.

आता सागाच्या पट्ट्या. जुन्या लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग होते. लोह आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात एकत्र आलं की काळा रंग धरतोच. हातमोजे घालून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं कोमट द्रावण लावलं, भरपूर पाण्याने धुतलं, खालून सोनेरी रंग वर आला! यासाठी स्टील वूल वापरू नका, त्याचे कण मागे राहून पुन्हा डाग पडतात. साग तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसायचा. स्क्रूवरची लाकडी बुचं पट्टीच्या रेषांना रेषा जुळवून बसवली, तीही वॉर्निशने. इपॉक्सीने चिकटवलेलं बुच पुढच्या दुरुस्तीत लाकूड फोडूनच निघतं.

जुना साग फेकायला माझं मन होत नाही. मुंबईत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे, आणि त्याआधी कितीतरी वर्षं ती इथेच पोर्ट्समथ बंदरात होती. त्यापुढे माझ्या पट्ट्यांचं वय काहीच नाही. म्हणून चिरलेल्या दोन सोडून बाकी सगळ्या परत लावतो आहे.

पुढचं काम उजवी बाजू आणि छताचं लोंबणारं अस्तर. नव्या प्लायवरचं सागाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) जुन्यापेक्षा बरंच फिकं दिसतं. कुणी असा रंग जुळवला असेल, तर वॉर्निशखाली कोणता स्टेन दिला आणि तो किती टिकला ते जरूर कळवा.