अडीनडीचा पैसा: किती आणि कुठे

‘सहा पगार बाजूला ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. पण हिशोब पगाराचा नाही, खर्चाचा करायचा.

पुण्यात भाड्याने राहणारं चौकोनी कुटुंब घ्या. भाडं 22,000, किराणा-दूध-भाजी 16,000, शाळेची फी महिन्याला पडते 9,000, गाडीचा हप्ता 4,000, वीज-गॅस-मोबाइल 5,000, औषधं आणि गावी पाठवायचे 8,000. झाले 64,000. सहा महिन्यांचे 3,84,000. यात मेडिक्लेमचा हप्ता धरायचं बहुतेक जण विसरतात. नोकरी गेली की तिच्याबरोबर कंपनीची पॉलिसीही जाते, आणि नवीन घ्यायची तर पैसे नेमके तेव्हाच लागतात. त्याचे 25,000 धरले की आकडा होतो 4,09,000.

आता ठेवायचे कुठे? आपल्याकडे पहिलं बोट पतसंस्थेकडे जातं, कारण व्याज टक्का-दीड टक्का जास्त. इथेच फसगत होते. बँकेतल्या ठेवींना माणशी, बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेच्या ठेवींना हे कवच नाही. सहकारी बँकेला आहे, पण विमा म्हणजे पैसे दुसऱ्या दिवशी हातात असं नव्हे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पण 90 दिवस म्हणजे तीन भाडी! म्हणून बँका दोन हव्यात, आणि वेगळ्या.

एका महिन्याचे 64,000 बचत खात्यात. 1 लाख लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात. झटपट पैसे काढायची सोय असलेल्या फंडातून दिवसाला 50,000 किंवा गुंतवणुकीच्या 90 टक्के, यातली कमी असेल ती रक्कम लगेच मिळते. बाकीचे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेल्या 2,45,000 ची एकच एफडी करू नका. दुसऱ्या बँकेत 49,000 च्या पाच करा. चाळीस हजारांची गरज पडली तर एकच मोडेल, आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड तेवढ्यावरच बसेल. कर वाचवायची पाच वर्षांची एफडी मात्र यात मोजू नका. ती मधे मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही.

खातं आणि एफडी दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ (दोघांपैकी कोणीही एक व्यवहार करू शकेल) अशी खूण करून. एफडी मुदतीआधी मोडायला मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते, ते आधीच विचारून ठेवा. एकट्या नवऱ्याच्या नावावरचा पैसा तो आयसीयूत असताना बायकोच्या काय कामाचा?

पीएफ या हिशोबात धरू नये. एकूण नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो. (आधीच्या कंपनीचं खातं जोडून घेतलं असेल तर ती वर्षंही मोजली जातात, म्हणून ते काम नोकरीत असतानाच उरका.) शिवाय कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) भरली नाही की दावा अडतो. ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते, पण पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटल्यावरच. तोवर घर चालवायचं ते या 4,09,000 मधूनच.