पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन: डावी बाजू झाली, उजवी अजून घोडीवर

डाव्या बाजूला किंग पिन (ज्याच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं तो उभा खिळा), त्याचे बुश (पिनभोवतीच्या धातूच्या नळ्या), आर्मचे (चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) सायलेंट ब्लॉक, म्हणजे रबरी सांधे, आणि शॉकअब्सॉर्बर असं सगळं नवं बसलं. उजवीकडचा ब्रेकचा ड्रम उतरवलाय. ब्रेकच्या होजवर वजन येऊ नये म्हणून बाकीचा गोतावळा तारेनं वर बांधून ठेवलाय.

गाडी १९८६ ची, मुक्काम सांगलीचा गावभाग. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा ही दारातच बुडाली होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग त्याच दिवाळीपर्यंत साफ झालं. खालचे सांधे तसेच राहिले. आता किंग पिन काढला, तर बुशच्या ग्रीसच्या खोबणीत ग्रीस कमी आणि वाळलेला राखाडी गाळच जास्त.

मिरज रस्त्याला साठच्या पुढे गेलं की गाडी भरकटायची. अशा वेळी जो तो स्टिअरिंग बॉक्सवर खापर फोडतो. त्याआधी एवढं करून बघा: चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खडखडलं, तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन किंवा आर्मचे सांधे. माझा तसाच राहिला.

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद, आणि त्यांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथं विश्रामबागेत. तरी किंग पिनचा संच काही सांगलीत मिळेना, पुण्याहून मागवला.

खरं काम रीमिंगचं, म्हणजे बुशचं भोक आतून कापून पिनच्या मापाचं करायचं. नवा बुश दाबून बसवला की तो आतून किंचित आवळतो, त्यामुळे पिन सरळ जात नाही. मग घाईच्या गॅरेजात पिन हातोड्यानं ठोकतात. स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि गिऱ्हाईकाला सांगतात, नवं आहे, बसेल हळूहळू. बसत नाही, झिजतं. शिवाय वरचा आणि खालचा बुश वेगवेगळे रीम केले तर दोन्ही भोकं एका रेषेत राहतीलच असं नाही. लांब रीमर हवा, म्हणजे एका बुशमध्ये आधार घेऊन तो दुसरा कापेल. कुपवाड एमआयडीसीत एका जुन्या टर्नरकडे तो निघाला. मी मापं काढायला लागलो तर ते टर्नर अण्णा म्हणाले, "माप ऱ्हाऊ द्या मालक. तेल लावून पिन अंगठ्यानं आत जायला पाहिजे, आन् सोडली तर आपसूक पडायला नगं." नेमकी तशीच बसली. बुशचं भोक ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) समोर येतंय ना, हे मात्र दाबण्याआधीच बघायचं. उलटा बसला तर कितीही गन मारा, ग्रीस पोचणारच नाही. वरखालीचा खेळ शिम (पातळ चकती) घालून काढला. ग्रीस भरताना चाक हवेत ठेवलं, कारण वजन असलं की दाबल्या गेलेल्या बाजूला ती शिरत नाही.

स्प्रिंगबद्दल एकच सांगतो: स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोरच्याचा जबडा फोडते.

सायलेंट ब्लॉकचे नट सध्या हातानंच ओढलेत. गाडी चाकांवर उभी राहून दोन-चार वेळा दाबून झाली की मगच आवळणार. आर्म लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) त्यानंतर, दोरी लावून घरीच. कॅम्बर (चाकाचा उभा कल) मात्र अलाइनमेंटवाल्याकडे.

उजवे बुश पुढच्या आठवड्यात अण्णांकडे जातील. तिकडचा खालचा आर्म गंजानं इतका खाल्लाय की खरवडताना स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. वेल्डिंग करून देतो म्हणणारे बरेच भेटले, पण जोड मारलेला आर्म पुढच्या चाकाला लावून मी हायवेला जाणार नाही. कुणाकडे न वाकलेला, उजव्या बाजूचा खालचा आर्म पडून असेल तर सांगा; कोल्हापूर, कराडपर्यंत स्वतः येऊन घेऊन जाईन.