बारा तारांची गिटार घ्यावी का? माझा अनुभव

घ्यायची की नाही, हे मी गिटार न घेताच आधी ऐकून ठरवलं. त्यासाठी बारा तारांचा एक सेट आणि घरातली जुनी सहा तारांची गिटार पुरते.

बारा तारांच्या गिटारवर सहा जोड्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात. तिसरी ते सहावी या चार जोड्यांत मात्र एक तार नेहमीच्या स्वरात आणि शेजारची बारीक तार एक सप्तक वर. म्हणून १० ते ४७ मापाचा (इंचाच्या हजाराव्या भागात तारांची जाडी) सेट घ्या आणि त्यातून सहा तारा निवडा. पहिलीला ०.०१० इंच, दुसरीला ०.०१४, आणि तिसरी ते सहावीच्या जागी वरच्या सप्तकाच्या तारा: ०.००८, ०.०१२, ०.०१८, ०.०२७. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. मित्राला साधी गिटार धरायला सांगा आणि दोघांनी एकच गाणं एकत्र वाजवा. सोबतीला कुणी नसेल तर तारा बदलण्याआधीच साध्या तारांवर ते गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि त्यावर वाजवा. बारा तारांचा झगमगता आवाज बऱ्यापैकी हाच. बारीक तारा नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) रुंद खाचेत खुळखुळतात, तेवढ्यापुरता खाली कागदाचा तुकडा घाला. उरलेल्या सहा तारा म्हणजे नेमका सहा तारांचा एक्स्ट्रा लाइट सेट, त्यामुळे काहीच वाया जात नाही.

यावर मन भरलं तर खरेदी थांबवा, गरज भागली. मला मात्र एकट्याने वाजवताना तो आवाज हवा होता, म्हणून पुढे गेलो.

पुढचा प्रश्न हाताचा. नट ४६ ते ४८ मिलिमीटर रुंद असतो, सहा तारांच्या गिटारवर साधारण ४३. एका बोटाखाली दोन तारा नीट दाबाव्या लागतात, एफ कॉर्डचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, लवकर थकवतो. आपल्याकडे बरेच जण गिटारवर गाण्याची चाल वाजवतात, मींड काढतात. त्यांनी ही गिटार घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडी ओढली की जाड आणि बारीक तार सारखी चढत नाही आणि दोन्ही बेसूर होतात. गाण्याला कॉर्डची साथ करणाऱ्यांसाठी मात्र हिच्यासारखं वाद्य नाही.

मग ताण. सहा तारांच्या लाइट सेटचा एकूण ताण ७०-७५ किलो, बारा तारांचा शंभराच्या पुढे. ब्रिज (फळीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) उचकटणं, त्यामागचं पोट फुगणं, मान वाकणं, सगळं यातूनच येतं. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली लावल्या की ताण साधारण २० टक्के कमी होतो, अर्धा स्वर उतरवला तर ११ टक्के. मी अर्धा स्वर खालीच ठेवतो. त्यात डी कॉर्डचा आकार धरला की काळी एक मिळते आणि जीचा धरला की काळी तीन, म्हणजे पेटीसोबत गाणाऱ्यांची सोयच होते. मूळ पट्टी हवी असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, पण तो बारा तारांसाठीचाच घ्या. साध्या कॅपोखाली जोडीतली बारीक तार नीट दबत नाही आणि झणझणते.

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या दुकानांत सहा तारांच्या गिटारी रांगेने टांगलेल्या दिसतात, बारा तारांची बहुधा मागवावी लागते. हातात आली की पैसे देण्याआधी, ऑनलाइन घेतली असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी, तपासणी करा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का? सरकला तर ब्रिज सुटतोय, परत करा. पडद्यांवर लांब सरळ पट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं पाहिजे, माथ्याच्या खाली जाऊन ब्रिजला धडकलं तर मानेचा कोन गेलाय आणि ती दुरुस्ती महाग पडते. सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ब्रिजच्या वर निदान ३ मिलिमीटर दिसायला हवं, नाहीतर ॲक्शन, म्हणजे पडद्यांपासून तारांची उंची, उतरवायला जागाच नाही. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली २ ते २.५ मिलिमीटर अंतर चालतं. तिथेच प्रत्येक जोडीतली तार एकेक करून ट्यूनरवर बघा. सॅडल एकच सरळ असल्याने जाड तार जरा चढी लागते. थोडा फरक राहणारच, पण साधे कॉर्ड वाजवतानाही कानाला टोचत असेल तर नको.

आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय लाकूड ठरवू नका. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात आपल्याकडे हवा त्याहून कितीतरी कोरडी, पावसाळ्यात कितीतरी दमट. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा पडद्यांवर झणझणतात आणि पडद्यांची टोकं बोटांना लागतात. पावसाळ्यात फळी फुगते, तारा उंच होतात. त्यात कूलर: दिवसभर ओली हवा, बंद केला की पुन्हा कोरडी. ही रोजची ओढाताण लाकडाला सर्वांत वाईट, म्हणून कूलरच्या झोतात गिटार कधीच नको. हार्ड केस, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज. एवढं नियमित जमणार नसेल तर सॉलिड टॉपऐवजी (अखंड लाकडाची वरची फळी) लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेली फळी, घ्या. आवाज थोडा कमी खुलतो, पण हवा सोसते.

घेतल्यावर पहिल्या दिवसापासून लागणारी गोष्ट म्हणजे सुरात लावणं. दोन तारा एकत्र वाजल्या की क्लिप ट्यूनर (गिटारच्या डोक्याला अडकवायचं सूर दाखवणारं यंत्र) गोंधळतो, म्हणून जोडीतली एक बोटाने दाबून धरा. आधी मूळ तार, मग तिची बारीक जोडीदार, नेहमी खालून वर चढवत. बारा झाल्या की पहिल्या उतरलेल्या असतात, कारण ताण वाढला की मान आणि फळी थोडी सरकते. दुसरी फेरी लागतेच. खुंटी फिरवताना टक्‌ असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकतेय, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

सर्वांत आधी तुटते ती तिसऱ्या जोडीतली ०.००८ची तार. ती पहिल्या तारेपेक्षाही उंच स्वरात असते. सेट मागवताना या मापाच्या दोन-तीन सुट्या तारा सोबतच मागवा.