चान्स घेण्याआधी साखर तपासली: माझा अनुभव

चान्स घ्यायचं ठरल्यावर मी आधी दवाखान्यात गेले. माहेरी आईला आणि मावशीला साखर, मला पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन लिहून दिलं. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दिवस राहिल्यावर करतातच की हे सगळं!" मॅडमनी त्यांना नीट समजावलं, "मावशी, बाळाचं हृदय, पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. पाळी चुकली म्हणून तुम्ही इथं येईपर्यंत त्यातलं बरंच होऊन गेलेलं असतं. तेव्हा साखर चढलेली असेल तर व्यंगाचा, गर्भपाताचा धोका वाढतो." त्यानंतर सासूबाईंनीच तपासणीची घाई केली.

रिपोर्ट एकमेकांशी जुळेनात. उपाशीपोटी ११८, म्हणजे बॉर्डरलाइन. एचबीएवनसी ६.७, आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. हिमोग्लोबिन जेमतेम ९, म्हणजे रक्त कमी. शरीरात लोह कमी असलं की एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, त्यामुळे एवढ्यावर निदान करायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

मग ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. आधीचे तीन दिवस भाकरी, भात रोजच्यासारखं जेवायचं. पथ्य केलं तर निकाल चुकू शकतो. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त दिलं, ते गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत संपवलं आणि दोन तास एका जागी बसून राहिले. फार मळमळत होतं, पण उलटी झाली असती तर चाचणी पुन्हा करावी लागली असती. उपाशीपोटी १२८, दोन तासांनी २१४. मधुमेहाची मर्यादा १२६ आणि २००. दोन्ही ओलांडल्या होत्या.

त्या रात्री खूप रडले. पण हे आत्ता कळलं, पोटात बाळ असताना नाही, याचा आधारही वाटला.

पुढे डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंड ठीक आहे का ते कळायला), बीपी तपासून झालं. मेटफॉर्मिन, लोहाच्या आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू आहेत. एचबीएवनसी ६.५ च्या खाली येईपर्यंत थांबायचं, तोवर गर्भनिरोधक. हिमोग्लोबिन वर आलं की एचबीएवनसी पुन्हा करायचं आहे. सध्या घरच्या मीटरवरचे आकडे वहीत लिहून मॅडमना दाखवते.