सीजे-३बीच्या पुढच्या डाव्या हबचे काम : बेअरिंगपासून ब्रीदरपर्यंत

महिंद्रा सीजे-३बी या जुन्या जीपच्या पुनर्बांधणीत पुढचा ॲक्सल हाती घेतला होता आणि त्यातील डाव्या हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचे, काम आता पूर्ण झाले आहे. बेअरिंग बदलणे हा यातला सोपा आणि थोडाच वेळ घेणारा भाग होता. बेअरिंग का गेले हे शोधण्यात खरा वेळ गेला, म्हणून ही नोंदही बरीचशी त्या शोधाबद्दलच आहे.

लक्षणे अशी होती. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर पुढून घरघर येत असे आणि वेगाबरोबर तिचा सूर चढत असे. गाडीला ६.०० x १६ चे लष्करी नक्षीचे टायर आहेत आणि ते स्वतःच इतके गुणगुणतात की अनेक जण बेअरिंगचा आवाज टायरच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. फरक ओळखण्याची एक खूण उपयोगी पडते. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो, म्हणजे नव्या डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा आणि खडबडीत रस्त्यावर तिसरा. बेअरिंगची घरघर मात्र पृष्ठभाग कोणताही असला तरी तशीच राहते आणि वळणावर भार एका बाजूला गेला की कमी-जास्त होते. आमच्या गाडीत उजव्या वळणावर, म्हणजे डाव्या चाकावर भार आला की, ती वाढत असे. आणखी एक लक्षण त्याआधीपासून होते, पण त्याचा संबंध बेअरिंगशी असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढत असे.

या जीपच्या बाबतीत केवळ आवाजावरून निदान करता येत नाही, याचे कारण तिच्या रचनेत आहे. पुढच्या हबला फ्री-व्हीलिंग लॉक (चाक शाफ्टपासून सोडवणारी कळ) नसतील, तर गिअर दोन चाकांवर ठेवला तरी पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतात, त्यामुळे पुढून येणारी घरघर डिफरन्शियलमधलीही असू शकते. मात्र ॲक्सल फुल-फ्लोटिंग असल्यामुळे गाडीचा भार शाफ्टवर नसून स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरते त्या स्थिर पोकळ दांड्यावर, असतो आणि ही रचनाच तपासणीच्या कामी येते. हबच्या तोंडावरची सहा बोल्टची ड्राइव्ह फ्लँज काढली की चाक शाफ्टपासून सुटते, तरीही हब आपल्या जागी सुरक्षित राहते. दोन्ही बाजूंच्या फ्लँज काढून, उघड्या तोंडांवर गॅस्केट लावून पातळ पत्र्याची झाकणे बसवली आणि वाई ते सुरूर या सपाट रस्त्यावर गाडी चालवली. घाटात ही चाचणी करू नये, कारण उतारावर ब्रेकमुळे ड्रम इतके तापतात की थांबून हब चाचपताना हाताला लागलेली उष्णता बेअरिंगची की ब्रेकच्या लायनरची हे कळेनासे होते. पुढचे डिफरन्शियल पूर्ण थांबलेले असतानाही घरघर कायम होती, म्हणजे दोष हबमध्येच होता.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवली आणि चाक वर-खाली धरून हलवले. डाव्या चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, स्पष्ट होता. जुन्या जीपमध्ये असा प्ले दिसला की लगेच बेअरिंगवर बोट ठेवणे घाईचे ठरते, कारण नकलमधले, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या सांध्यातले, किंगपिनचे बेअरिंग ढिले झाले तरी चाक असेच हलते. मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि बॅकप्लेट एकमेकांशी जखडतात, त्यामुळे हबचा प्ले नाहीसा होतो आणि उरेल तो किंगपिनचा असतो. आमच्याकडे ब्रेक दाबताच बहुतेक हालचाल थांबली, तरी अगदी थोडी उरलीच. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

चाक काढताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. या गाडीच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे आहेत आणि त्यांच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर करणारा माणूस नट सोडवत नसून आवळत असतो, आणि शेवटी स्टड तुटतो.

हब जागी धरणारे चेक नट २ पूर्णांक १/१६ इंचाच्या बॉक्स पान्याने निघतात. आमच्या नटांचे कोपरे मात्र आधीच गोल झालेले होते, कारण छन्नी आणि हातोड्याने ते फिरवण्याची पद्धत सर्वदूर आहे. एका पान्याची किंमत वाचवण्यासाठी नट, वॉशर आणि स्पिंडलचे आटे या तिन्हींचा बळी देणारी ही काटकसर मला कधीच पटलेली नाही.

हब बाहेर आल्यावर पहिली साक्ष वासाने दिली. ग्रीस पातळ, काळपट आणि ओघळणारे होते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येत होता. हा वास व्हील बेअरिंगच्या ग्रीसचा नसतो, तो डिफरन्शियलमधल्या ९० नंबरच्या गिअर ऑइलचा असतो. मागच्या बाजूचे ऑइल सील ओलांडून हेच मिश्रण ब्रेकच्या लायनरवर पोहोचले होते आणि गाडी उजवीकडे का ओढत होती याचे उत्तर तिथेच मिळाले. डावा ब्रेक तेलामुळे निसटत होता.

या हबमध्ये आतले आणि बाहेरचे अशी दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि दोन्ही एकाच मापाची असतात. कोनचा (रोलरसह आतल्या कड्याचा) क्रमांक १८५९० आणि कपचा (बाहेरच्या कड्याचा) १८५२० आहे. आतला व्यास ४१.२७५ मिमी आणि बाहेरचा ७३.०२५ मिमी भरतो. रॉकेलने धुतल्यावर आतले बेअरिंग फक्त झिजलेले दिसले, पण बाहेरच्या कोनचे पापुद्रे निघालेले होते, आणि तेही एकाच बाजूला, खालच्या अर्ध्या भागात. हा तपशील महत्त्वाचा आहे. स्पिंडल फिरत नाही, त्यामुळे गाडीचा भार कोनच्या खालच्या बाजूवरच सतत येत राहतो. कप मात्र हबबरोबर फिरतो आणि त्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो. म्हणूनच कप हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेला असतो, तर कोन स्पिंडलवर हाताने सरकेल इतका सैल ठेवलेला असतो, जेणेकरून तो अतिशय सावकाश सरकत राहावा आणि भाराखालची जागा बदलत राहावी.

आमचा कोन हाताने निघेना आणि पुलर लावल्यावर कारण दिसले. पूर्वी कोणी तरी स्पिंडलवर सेंटर पंचने ओळीने टिकले मारून ‘सैल’ कोन घट्ट केलेला होता. गॅरेजमध्ये हा उपाय सर्रास केला जातो आणि कामाच्या दिवशी तो फार समाधान देतो. प्रत्यक्षात त्यामुळे कोन एका जागी खिळतो आणि सगळा भार वर्षानुवर्षे पोलादाच्या त्याच पट्ट्यावर पडतो. टिकल्यांचे उंचवटे ऑइलस्टोनने घासून सपाट केले, वर बारीक एमरी फिरवली आणि मायक्रोमीटरने माप घेतले. स्पिंडल मापात होता, त्यामुळे तो बदलावा लागला नाही.

आता प्रश्न राहिला तेलाचा. बाहेरचे बेअरिंग अधिक खराब होणे याच वाटेकडे बोट दाखवत होते. डिफरन्शियलचे तेल ॲक्सल ट्यूबच्या टोकाच्या सीलमधून नकलमध्ये येते, तेथून स्पिंडलमधल्या गनमेटल बुशच्या बाजूने शाफ्टलगत पुढे सरकते आणि हबमध्ये उतरताना त्याला पहिले भेटते ते बाहेरचे बेअरिंग. बॅकप्लेट स्प्रिंगला बांधून ठेवली, म्हणजे ब्रेकचा होज सोडावा लागत नाही, आणि स्पिंडल व शाफ्ट बाहेर काढले. बुश झिजलेले होते आणि सीलचे ओठ कडक झालेले होते. एवढ्यावर थांबता आले असते, पण सीलवर दाब कशामुळे येत होता हे पाहणे गरजेचे वाटले. ॲक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्या-येण्याची वाट, चिखलाने पूर्ण तुंबलेला होता. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून रेटते. उलट तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्याच कमकुवत सीलमधून पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्यांनी ग्रीसच्या आधी ब्रीदर तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुटे भाग घेताना कप आणि कोन एकाच कंपनीचे, जोडीने घेतले. क्रमांक जुळला तरी एका मेकचा कप आणि दुसऱ्याचा कोन मिसळू नये. स्पेअरच्या दुकानापेक्षा बेअरिंगच्या अधिकृत विक्रेत्याकडे जाणे मला बरे वाटते, कारण नकली माल खोक्यावरून ओळखणे आता कठीण झाले आहे.

जुने कप पितळी रॉडने आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी ठोकून काढले. नवे कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले आणि हब उन्हात तापू दिले. जुन्या कपचा बाहेरचा घेर थोडा घासून तोच ठोकण्यासाठी वापरला, त्यामुळे हातोड्याचा घाव नव्या कपवर कुठेच बसला नाही. कप तळाला टेकला की आवाज बदलतो आणि तो बद्द न राहता भरीव होतो. तरीही फीलर गेजचे सर्वांत पातळ पान कपमागे कुठे शिरत नाही ना, हे पाहून घेतले.

ग्रीस एपी-३ नावाने मिळणारे लिथियमचे वापरले. ते कोनच्या रुंद बाजूने तळहातावर दाबत रोलरमधून दुसऱ्या बाजूला येईपर्यंत भरले. हबची पोकळी मात्र ठासून भरली नाही, कारण जादा ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर पडते. सीलचा ओठ बेअरिंगकडे ठेवला. तेल पिलेले लायनर धुऊन पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडलो नाही आणि दोन्ही बाजूंना नवे लायनर बसवले.

आवळण्याची जुनी रीत आजही चालते. चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळावा आणि मग एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. त्यावर वाकवायचे वॉशर आणि बाहेरचा नट येतो. येथे मापन घेण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरचा नट आवळताच आतला नट आट्यांमधल्या मोकळ्या जागेइतका पुढे रेटला जातो आणि प्ले कमी होतो, त्यामुळे डायल गेज शेवटी लावावा. आमच्याकडे पहिल्या खेपेस काहीच प्ले उरला नाही. नट किंचित मागे घेतल्यावर ०.०८ मिमी मिळाला. अशा हबसाठी ०.०२५ ते ०.१२५ मिमी ही मर्यादा योग्य समजली जाते. या बेअरिंगला शून्य प्लेपेक्षा थोडा प्ले बरा, कारण तापल्यावर उरलेला प्ले संपतो आणि नंतर रोलर घासू लागतात.

फ्लँज बसवून त्याच सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा चालवली. घरघर गेली, ब्रेक सरळ लागू लागला आणि थांबल्यावर दोन्ही हबचे तापमान हाताला सारखे लागले. टायरची गुणगुण अर्थातच तशीच आहे.

ब्रेक दाबल्यावरही उरलेली ती किंचित हालचाल किंगपिनची आहे. तिथली टेपर बेअरिंग ११५९० आणि ११५२० क्रमांकाची असतात आणि त्यांना हबच्या उलट, प्ले न ठेवता शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, थोडा दाब द्यावा लागतो. नकलचे फेल्ट सील काढून, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून नकल फिरवायला किती ओढ लागते ते मोजायचे आणि त्यानुसार शिम कमी करायचे, हे पुढचे काम आहे. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती इंजिनच्या बाजूला बॉनेटखाली उंचावर नेण्याचे ठरवले आहे. उजवे हबही उघडायचे आहे, कारण ब्रीदर दोन्ही बाजूंना एकच होता.